टोपल्यांवर मिळालेला कुत्रा

सांगितलेल्या भावात मी आयुष्यात एकही वस्तू घेतलेली नाही. पण एकदा असं झालं की मी सांगितलेल्या भावात समोरच्याने वस्तू देऊन टाकली, आणि ते जास्त वाईट असतं. ती वस्तू म्हणजे ज्या वाडीत बसून मी हे लिहितोय ती चिखल्यातली चिकूची वाडी. हे आधी सांगावं लागतंय, कारण त्याशिवाय कुत्र्याची हकिकत कळणार नाही.

विशीत मी डहाणू रोड स्टेशनबाहेर टोपली घेऊन चिकू विकत असे. मग दुसऱ्यांच्या वाड्यांतला माल उचलायला लागलो, मग झाडावरचा माल तोडणीआधीच, आपल्या जोखमीवर, अंगावर घ्यायला लागलो. हे सगळं तोंडाच्या जोरावर. अकरा वर्षांपूर्वी चिखल्यातल्या एका जुन्या बागायतदार काकांनी आपली अर्धी वाडी विकायला काढली. मी महिनाभर तयारी केली. झाडं मोजली, विहिरीचं पाणी चाखलं, तीन माणसांकडून काकांच्या अडचणी काढून घेतल्या. मग त्यांच्या ओट्यावर बसून पहिला भाव सांगितला.

पहिला भाव हा भाव नसतो. त्यावर समोरच्याने हसायचं असतं, घरात हाक मारून "ऐकलंत का, हे काय म्हणतायत" असं विचारायचं असतं. मग आपण उठायचं, त्याने बसवायचं. दोन-तीन चहा होतात. काकांनी बशीतला चहा संपवला, तोंड पुसलं आणि म्हणाले, "ठीक आहे."

माझा चहा अजून गरम होता.

त्या दिवसापासून मी या जमिनीत खोट शोधतोय. सातबारा दोन वकिलांना दाखवला. माती तपासून आणली. झाडं कीड धरतील म्हणून वाट पाहिली, विहीर खारट होईल म्हणून वाट पाहिली. काहीही झालं नाही. वाडी उत्तम आहे. म्हणजेच मी भाव जास्त सांगितला होता आणि म्हातारा त्याहून कमीत द्यायला बसला होता. मी बांधापलीकडच्या काकांशी बोलणं बंद केलं. काकांनी मात्र ही गोष्ट गावात सांगितली, आणि ती सांगताना ते "ठीक आहे" हे शब्द अगदी माझ्यासमोर म्हटले तसेच म्हणतात, असं मला बऱ्याच लोकांनी येऊन कळवलं.

आता कुत्रा.

तलासरीच्या आठवडी बाजारात मी बांबूच्या टोपल्या घ्यायला जातो. तिथे टोपल्या विणणारी एक म्हातारी बाई बसते. तिचा माल चांगला असतो, म्हणून तिच्यासमोर उभं राहिलं की मी आधी तोंड वाकडं करतो. घ्यायच्या मालाला वाईट म्हणायचं, हा धंद्याचा पहिला नियम. त्या दिवशी मी टोपली उलटी केली, काठ दाबला, "बाय, ही टोपली आहे की चाळण?" असं विचारलं. ती विणत राहिली. मी दोनदा निघून गेलो आणि दोनदा परत आलो. ती एका पैशाने खाली उतरली नाही. शेवटी हरल्यासारखं दिसू नये म्हणून मी म्हटलं, "बरं, तुझाच भाव. पण वर काय देतेस?"

तिने मागच्या टोपलीत हात घातला, एक पिल्लू मानेला धरून उचललं आणि माझ्या टोपल्यांवर ठेवलं.

"हा घे वर."

आजूबाजूचे हसले. शेजारी सुकी मासळी विकणारी म्हणाली, "घ्या शेठ, जिवंत माल आहे, वजन वाढेल."

वर मागून मिळालेली वस्तू नाकारता येत नाही. नाकारली तर पुढच्या वेळी वर मागायला तोंड राहत नाही. मी पिल्लू टेम्पोत ठेवलं. मातीच्या रंगाचं, एक कान उभा आणि एक पडका. वाटेत ते माझ्या चपलेवर झोपलं.

घरी आल्यावर बायकोने टेम्पोत वाकून पाहिलं. "हे काय आणलंत?"

"वर मिळालं."

"किती टोपल्यांवर?"

"बारा."

"मग चोवीस घेतल्या नाहीत ते बरं झालं," ती म्हणाली आणि दूध आणायला आत गेली.

मी त्याचं नाव ठेवलं नाही. ज्याचं पुढे काय करायचं ठरलेलं नाही त्या मालाला नाव देत नाहीत. विकता येईल का, म्हणून दोघांना विचारलं. एकाने सांगितलं की गावठी कुत्रा विकत घेणारा माणूस त्याने अजून पाहिलेला नाही, पाहिला तर माझ्याकडे पाठवील. तोवर कुत्रा राहिला.

कुत्रा पाळण्यातले त्रास मी आधी सांगतो, कारण ते आधी येतात. त्याने पहिल्या महिन्यात माझी डावी चप्पल खाल्ली. उजवी खाल्ली नाही, म्हणजे जोड वाया गेला आणि तक्रारही अर्धीच करता येईना. सरकारी दवाखान्यात नेलं तर डॉक्टरीणबाईंनी टोचण्यांचं कार्ड हातात दिलं. मी विचारलं, दोन टोचण्या एकदम दिल्या तर काही कमी होतं का? त्या म्हणाल्या, "काय कमी होईल? कुत्रा?" परत येताना तो टेम्पोत ओकला आणि मग त्यातच बसून इकडेतिकडे पाहू लागला, जणू हे कोणी केलं त्याचा तोही शोध घेत होता.

दुसरा त्रास चिकूंचा. वाडीतला कुत्रा चिकू खातो हे मला माहीत होतं, पण हा गळालेले खात नसे. क्रेटमधले हुंगून हुंगून त्यातला एकच उचलायचा, आणि तो नेमका उद्या पिकणारा असायचा. मी तीस वर्षं चिकू दाबून पाहतोय. मला अंगठा लावावा लागतो. त्याला नुसतं नाक पुरे. मला हे आवडलं नाही. पुढे काही दिवसांनी मी लांब जाणारा माल भरताना त्याला क्रेटपाशी बसवायला लागलो. तो ज्या क्रेटपाशी जिभल्या चाटायचा ते क्रेट मी बाजूला काढायचो आणि डहाणूतच विकायचो. हे कोणाला सांगितलं नाही.

संध्याकाळी मी वाडीत फिरायला लागलो तेही त्याच्यामुळेच. आधी मी वाडीत फक्त खोट शोधायला फिरत असे. आता तो पुढे चालायचा, मी मागे. चालताना मी त्याला त्या दिवशीचे सौदे सांगायचो. कोणी काय म्हणालं, मी काय म्हणालो, आणि खरं म्हणजे काय म्हणायला हवं होतं. तो मध्येच एखाद्या झाडापाशी थांबायचा, पाय वर करायचा आणि माझं वाक्य पूर्ण होईपर्यंत तसाच उभा राहायचा. बायको यातलं काहीही दोन मिनिटांपेक्षा जास्त ऐकत नाही.

खरा घोटाळा त्याने माझ्या धंद्यात केला.

माल घ्यायला व्यापारी येतात तेव्हा मी खाटेवर बसतो आणि कुत्रा खाटेखाली. सौद्यात एक वेळ अशी येते की चिडावं लागतं. मी चिडतो. हात आपटतो, "चला, उठा, माझा माल सडला तरी चालेल" म्हणतो. यात निम्मा धंदा आहे. पण सीमेपलीकडून येणारा एक गुजराती व्यापारी एकदा मी असा ओरडत असताना शांतपणे खाली वाकला आणि खाटेखाली पाहून हसला.

"जुओ, कूतरो तो सूतो छे!"

मला आधी कळलं नाही. त्याने मराठीत समजावलं. "शेठ, तुमी खोटा राग करता तेव्हा हा झोपून राहतो. त्या दिवशी टेम्पोवाल्यावर खरे चिडले होते, तेव्हा हा उठून पार विहिरीपाशी गेला. मी पाहिलं."

मी हे बायकोला सांगितलं.

"बरोबरच आहे," ती भाजी निवडत म्हणाली. "खोटं चिडलात की तुमचा आवाज चढतो. खरं चिडलात की खाली जातो."

"तुला माहीत होतं?"

"लग्नापासून."

"मग सांगितलं का नाहीस?"

"मला बरं पडत होतं."

महिन्याभरात सगळ्यांना कळलं. व्यापारी माझ्याकडे बघेनासे झाले. मी कितीही हात आपटला तरी ते खाटेखाली वाकून पाहायचे. मी कुत्र्याला सौद्याच्या वेळी बांधून ठेवायला लागलो तर ते विचारायचे, "आज कुत्रा कुठेय? मग आज बोलणी नको, उद्या येतो." गंजाडचा एक भाजीवाला तर मी बोलायच्या आधीच कुत्र्याला बिस्कीट टाकायचा. शेवटी मी चिडण्याचं सोंगच कमी केलं. भाव सांगायचो आणि गप्प बसायचो. माल तसाही जात होता, हे मला जास्त लागलं.

होळीनंतर एक दिवस तोच गुजराती व्यापारी आला. बोलणी अडली. मी भाव सोडत नव्हतो, तो चढत नव्हता. तो हसत हसत, मनात काही नसताना म्हणाला, "अरे शेठ, एवढी घासाघीस वाडी घेताना केली असती तर?"

मी म्हटलं, "काय म्हणालास?"

मी हे इतक्या हळू म्हटलं की माझं मलाही नीट ऐकू आलं नाही. कुत्र्याला आलं. तो खाटेखालून निघाला. पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. माझ्या हातात क्रेट होतं, मग ते हातात नव्हतं. ते अंगणात आपटलं, चिकू सगळीकडे गेले. क्रेट कुत्र्याला लागलं नाही. त्याच्या मागे वीतभर अंतरावर पडलं. क्रेट त्याला लागलं नाही, हे मी त्या दिवशी व्यापाऱ्याला सांगितलं, ड्रायव्हरला सांगितलं, बायकोला दोनदा सांगितलं. कोणी विचारलेलं नव्हतं.

कुत्रा विहिरीपाशी थांबला नाही. बांध ओलांडून तो थेट काकांच्या ओट्यावर गेला आणि तिथे बसला.

संध्याकाळपर्यंत येईल असं वाटलं. आला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी काका स्वतः बांधापाशी आले. अकरा वर्षांत ते पहिल्यांदाच माझ्याशी बोलायला आले होते. माझ्याकडे दोन माणसं क्रेट भरत होती, ती हात थांबवून ऐकू लागली.

"शेठ, तुझं कुत्रं माझ्या ओट्यावर आहे."

काकांना बघितलं की माझ्या अंगात सौदा संचारतो. मी म्हटलं, "असू दे. फुकटचं कुत्रं आहे."

"खातो चांगला."

"खाण्यापुरताच आहे. राखण करत नाही, भुंकत नाही. एक कान पडका."

"मग तुला नको?"

"कशाला हवं?"

काका माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ठीक आहे."

तेच दोन शब्द, त्याच आवाजात. ते परत गेले. क्रेट भरणाऱ्यांपैकी एकजण खाली मान घालून म्हणाला, "शेठ, घ्यायच्या वस्तूला वाईट म्हणतात. आपल्याच वस्तूला कोण म्हणतं?"

त्याला मी खूप ओरडलो, आणि खाटेखाली पाहायला कोणी नव्हतं.

पुढचे दिवस मी काही वेगळं केलं नाही. संध्याकाळी वाडीत फिरायला गेलो तर बोलायला कोणी नसल्यामुळे पंधरा मिनिटांत परत यायचो. लांब जाणाऱ्या मालात पिकलेले चिकू निघाले, अशा दोनदा तक्रारी आल्या. बायको भाकरी करताना एक जास्त करायची आणि ती ताटाबाहेर ठेवायची. कोणासाठी, ते सांगायची नाही. मी ती भाकरी उचलून बांधापर्यंत न्यायचो. काकांच्या ओट्यावर कुत्रा पाय पसरून पडलेला असायचा. काका खुर्चीत. चहाच्या वेळी ते खारी बशीत बुडवून त्याला द्यायचे. खारी! मी त्याला शिळ्या भाकरीवर वाढवला होता. तो मला बघायचा, शेपटी एकदा आपटायचा, उठायचा नाही. मी भाकरी तिथेच कावळ्यांना टाकायचो आणि कावळ्यांसाठीच आलो होतो असं दाखवायचो.

आठवड्याने बायको म्हणाली, "जाऊन मागा ना."

"काय म्हणून मागू? दोन माणसांसमोर नको म्हणालो."

"मग म्हणा, हवाय."

हवाय, असं मी कधी कोणत्या वस्तूला म्हटलेलं नाही. हवी असलेली वस्तू दाखवली की तिचा भाव वाढतो, हे शेंबडं पोरगंसुद्धा जाणतं. मी तीन-चार दिवस वाक्यं जुळवली. पिसवा झाल्या असतील, औषध घालायला नेतो. टोचणीचं कार्ड माझ्या नावावर आहे. सरकारी काम आहे. एकही धड उभं राहीना.

शेवटी एका सकाळी बांध ओलांडला आणि त्याच ओट्यावर, तिथेच, बसलो जिथे अकरा वर्षांपूर्वी बसलो होतो. काकांनी आत चहा सांगितला. कुत्रा त्यांच्या खुर्चीखाली होता. तो उठला नाही, पण पडका कान थोडा उचलला.

चहा आला. मी म्हटलं, "काका, मला कुत्रा हवाय."

काकांनी बशी खाली ठेवली. मी एवढं सरळ बोलेन असं त्यांना वाटलं नसावं. मलाही नव्हतं वाटलं.

"पण तू तर म्हणालास..."

"चांगला कुत्रा आहे. पिकायला आलेला चिकू त्याला वासावरून कळतो. मला हवाय."

ते सावरून बसले. आता त्यांच्या डोळ्यांत मला ओळखीचं काहीतरी दिसलं. "मलाही लळा लागलाय रे. असा कसा देऊ? काहीतरी बोल."

"तुम्ही सांगा."

ते ओट्यावरून बांधाकडे बघू लागले. आमच्या दोघांच्या बांधावर राजापुरी आंब्याचं एक झाड आहे. लोणच्याचा मोठा आंबा. खरेदीखतात तो अर्धा माझा, अर्धा त्यांचा. त्या झाडावरून आमच्यात दर उन्हाळ्यात निरोप जातात, ते मी इथे लिहीत नाही. यंदा झाड फळांनी वाकलं होतं.

"या वर्षीचा तुझा आंबा," काका म्हणाले. "सगळा."

हा पहिला भाव होता. मी हसायला हवं होतं. उठायला हवं होतं, "काका, एका गावठी कुत्र्याला?" असं विचारायला हवं होतं. ते पायरी उतरले असते, अर्ध्या वाट्यावर आले असते, शेवटी बरणीभर लोणच्यावर मिटलं असतं. मला हे सगळं दिसत होतं. पण मी खुर्चीखाली पाहत होतो.

"ठीक आहे," मी म्हटलं.

काकांचा चहा बशीत तसाच होता.

"काय?"

"घ्या. सगळा आंबा तुमचा."

त्यांनी बांधावरच्या झाडाकडे पाहिलं. मग म्हणाले, "असं लगेच नसतं म्हणायचं."

"मला माहीत आहे."

"मी दोन वर्षांचा मागायला हवा होता."

"मागायला हवा होतात."

"आता मला झोप लागायची नाही."

"मला अकरा वर्षं लागलेली नाही," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, मग बशीतला गार चहा पिऊन टाकला. त्या दिवशी तुम्ही वाडी लगेच का दिलीत, हे विचारायचं मनात होतं. विचारलं नाही. खरं उत्तर मिळालं असतं तर माझ्याकडे शोधायला काही उरलं नसतं.

"ने मग," ते म्हणाले.

मी उठलो, आणि तेव्हा लक्षात आलं की याला बोलावायचं कसं ते मला माहीत नाही. नाव ठेवलेलं नव्हतं. ओरडून बोलावलं तर तो सोंग समजून झोपणार, हळू बोलावलं तर खरा राग समजून पळणार. माझ्याकडे आवाज दोनच होते. काका मजा बघत बसले. मी काहीच न बोलता पायऱ्या उतरलो आणि चालायला लागलो. मागे वळून पाहायचं नाही असं ठरवलं होतं. बांधापर्यंत टिकलो. तिथे वळलो तर तो चार पावलांवर होता. मी थांबलो म्हणून थांबला आणि राजापुरीच्या बुंध्यावर पाय वर केला.

घरी बायकोने विचारलं, "किती दिलंत?"

"या वर्षी लोणचं नाही."

तिने जास्तीची भाकरी कुत्र्याला घातली. ताटात.

आता तो माझ्याकडे राहतो. चार वाजता मात्र बांध ओलांडून खारी खायला जातो आणि पाच वाजता परत येतो. ते सौद्यात नव्हतं, पण सौद्यात नव्हतं म्हणून कोणाकडे तक्रार करायची?

काकांनी आंबा अजून उतरवलेला नाही. रोज सकाळी ते झाडाखाली येतात. बुंधा ठोकतात, साल नखाने खरवडतात, पानं उलटी करून बघतात. एकदा एक कैरी कापून आतून पाहिली, चाखली आणि उरलेली खिशात घातली. मी माझ्या बाजूला खाट टाकून बसतो, कुत्रा खाटेखाली.

काल ते बांधाला टेकून म्हणाले, "आता व्यवहार झालाय, तुझा आंबा मी काही परत देणार नाही. पण खरं सांग. झाडाला काय झालंय?"

"काही नाही."

"काही नाही तर एका शब्दात दिलंस कसं?"

"काका, झाड चांगलं आहे."

"कीड आहे? मुळात काही आहे?"

"अहो, किती वेळा सांगू!" मी खाटेवर हात आपटून ओरडलो. "काहीसुद्धा झालेलं नाही झाडाला! उत्तम झाड आहे!"

काकांनी वाकून खाटेखाली पाहिलं. कुत्रा झोपला होता.

"बघ," ते म्हणाले, आणि पुन्हा बुंधा ठोकायला गेले.